दुधात विरघळलेली गोळी

"ताईचं यंत्र सुरू झालं की कुटायचं, थांबलं की थांबायचं. आणि खाली फडकं घाल, नुसत्या ओट्यावर नको ठेवूस."

आईचं हे सांगणं अजून माझ्या कानात आहे. दगडाला कुठले आले कान, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, ज्याने जन्मभर ठोके खाल्ले, त्याला ठोक्याआधीचा शब्द नीट ऐकू येतो.

मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. माझा जन्म मारातूनच झाला. डोंगराच्या पोटात भोकं पाडून दारू ठासली, वात पेटवली, आणि पापणी लवायच्या आत आम्ही सारी भावंडं वेगळी झालो. पुष्कळांची खडी झाली. मला एका पाथरवटाने उचललं. घण घातला, मग छिन्नी, मग पोटात ओली वाळू घालून गरागरा घासलं. तो शिव्या देत घाव घाली आणि प्रत्येक घावामागून हलकेच फुंकर मारी. देवाच्या मनात असेल तसं घडतं, असं मी तेव्हाच शिकलो. बत्ता माझ्याच दगडातून घडला. तो माझा धाकटा भाऊ. मी बसणारा, तो मारणारा.

मला घरी आणलं ते तिघी बायकांच्या घरात. एक आई. तिची थोरली मुलगी, जिला घरात ताई म्हणत. आणि धाकटी, जिला ताई 'छोटे' अशी हाक मारी. वडील आधीच गेले होते. आई रोज पहाटे आंघोळ करून देवाचं नाव घेई आणि मगच चुलीला हात लावी. मिरी, लसूण, सुंठ, सारं माझ्या पोटातून जाई. "याच्यासारखं कुणाला जमत नाही," आई म्हणायची. मी फुगून जाई. पुढे मिक्सर आला आणि माझी रवानगी मोरीशेजारी झाली. माझ्यावर ओलं फडकं वाळत पडू लागलं.

ताई शिवणकाम करी. मोठमोठ्या खिडक्यांचे पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऐन विशीत तिला भिंतीतून बोलणी ऐकू येऊ लागली. "माझ्या खाण्यात कुणीतरी काहीतरी घालतंय," ती म्हणे.

"अगं, कोण घालणार? स्वयंपाक मीच करते ना?" आई समजावी. "मनाचे खेळ आहेत बाळा ते."

एका दुपारी ताईने माझ्या भावाला, बत्त्याला, उचललं आणि भिंत फोडायला घेतली. आत बोलणाऱ्याला बाहेर ओढायचं होतं तिला. गिलावा धडाधड कोसळला. नळ फुटला, पाणी उसळलं. आईने मागून मिठी मारली. बत्ता वर गेला आणि आईच्या उजव्या हातावर उतरला. मित्रांनो, मी आयुष्यभर कायकाय फुटताना ऐकलं आहे, पण हाड फुटल्याचा आवाज ओला असतो. छोटी ताईच्या पायांवर बसली. शेजाऱ्यांनी चादरीने तिचे हात बांधले. पाणी लाल होऊन माझ्याभोवती फिरत होतं आणि ताई ओरडत होती, "मला मारतायत गं, आई, मला मारतायत!" आई मोडका हात पोटाशी धरून तिचे केस सावरत होती.

दवाखान्यात ताईला गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात बोलणी थांबली, ती शांत होऊन घरी आली. पण घरी येताच तिने गोळी थुंकून टाकली. "मी वेडी नाही." काही दिवस रोजची मारामारी चालली. आई नाक दाबी, छोटी जबडा उघडी. एकदा ताईने छोटीच्या बोटाचा लचकाच तोडला. त्या दिवसापासून नाक दाबणं बंद झालं आणि मोरीशेजारून मला परत ओट्यावर आणलं.

मिक्सरचा आवाज घरभर जायचा. माझा नाही. पलीकडच्या खोलीत ताईचं शिवणयंत्र घरघरू लागलं की आई देवाचं नाव घेई, गोळी माझ्या पोटात टाकी, वर साखर. तिचा वाकडा हात दुखे, म्हणून कुटायला छोटी. यंत्र थांबलं की बत्ता हवेतच थांबायचा. मग दुधाचा पेला ढवळून ताईपुढे जायचा.

"आई, दुधात साखर घालतेस की साखरेत दूध?" ताई हसून विचारी.

"पी गपचूप. हाडं राहिलीत नुसती."

ताई बरी झाली, हे खरं आहे. वर्षामागून वर्षं गेली. तिचे पडदे मोठ्या घरांत जाऊ लागले. काम करता करता ती गुणगुणू लागली. मनाच्या डॉक्टरांकडे आई एकटीच जाई, "बरी आहे, यायला वेळ नाही तिला," असं सांगे आणि तीच गोळी घेऊन येई. आईला वाटे, आपला हा नेमच मुलीला तारतोय.

पण ताई आपल्या पोलक्यांना आतून दुहेरी अस्तर लावू लागली. आईला वाटलं, थंडीसाठी असेल. थंडीसाठी नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, तरी तिच्या छातीतून दूध झिरपत होतं. महिन्याची पाळी तर कधीचीच बंद झाली होती. आपलं शरीर पुन्हा आपल्याशी खोटं बोलू लागलं, या भीतीने ती गप्प राहिली. मग एक दिवस अस्तर अंगावर बसवून बघताना तिच्या बोटांना डाव्या छातीत गाठ लागली.

तेव्हा मात्र ती छोटीला घेऊन बायकांच्या डॉक्टरकडे गेली. परत आल्यावर ती आपल्या खोलीत जाऊन पडली. यंत्र बंद. आईने वेळ झाली म्हणून गोळी माझ्यात टाकली होती. छोटी तडक स्वयंपाकघरात आली.

"आई, रक्तातलं दुधाचं संप्रेरक भयंकर वाढलंय म्हणे तिचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते असं वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर काही बायकांत छातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांना होतो असं नाही. गाठ कसली आहे ते सुई घालून बघणार आहेत. पण संप्रेरक कशानं वाढलं ते शोधायलाच हवं."

"मग शोधू दे की."

"काय शोधू दे? त्यांनी विचारलं, मनाच्या आजाराची एखादी गोळी चालू आहे का, काही गोळ्यांनी असं होतं, तसं असेल तर दुसरी देता येते. ताई म्हणाली, मी एकही गोळी घेत नाही. आणि मी, आई, मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसले! आता त्या डोक्याचा फोटो काढणार. डोक्यात गाठ आहे का बघायला. तिच्या डोक्यात काही नाहीये गं, दुधाच्या पेल्यात आहे!"

"हळू बोल. कळलं तर ती गोळी सोडेल. पुन्हा तो दिवस येईल. माझा एक हात उरलाय."

आईने माझ्या भावाला उचललं आणि एक ठोका घातला. यंत्र बंद आहे, हे ती विसरली.

ताई दारात उभी होती.

"म्हणजे घालत होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी सांगत होते, कुणीतरी माझ्या खाण्यात घालतंय. तुम्ही म्हणालात मनाचे खेळ. मी स्वतःलाच खोटं ठरवलं, आई. तुमच्या शब्दावर."

मग तिने आईच्या हातून बत्ता हिसकला. पहिला घाव पेल्यावर पडला. काच उडून छोटीच्या गालात रुतली. दुसऱ्या घावाने फळी खाली आली, डबे फुटले, पीठ धुरासारखं उठलं. मिक्सरचा चुराडा झाला. तिसरा माझ्यावर. माझी कड तुटून भिंतीवर आदळली, आणि सुरुंगानंतर पहिल्यांदा मला कळलं की मीही फुटू शकतो. "किती वर्षं?" ती ठोकत होती. "बोल ना, किती वर्षं?" ओटा तडकला. तिच्या तळहाताची साल निघून बत्ता रक्ताने निसरडा झाला.

आई जागची हलली नाही. तिने वाकडा हात पुढे केला आणि तो फुटलेल्या ओट्यावर ठेवला, बत्त्याच्या बरोबर खाली. "घाल," ती म्हणाली.

बत्ता वरच राहिला. ताईने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने भाऊ माझ्या शेजारी आडवा ठेवला आणि काचांतच खाली बसली. छोटी गालावर पदर दाबून तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

"मला आठवतो तो दिवस," ताई म्हणाली. "तुला काय वाटतं, मला पुन्हा हवाय तो? गोळी मी घेईन. पण अख्खी. माझ्या हाताने, माझ्या तोंडात. आणि डॉक्टरबाईंना तू सांगायचंस, काय घालत होतीस आणि कधीपासून. त्या बदलतील तर बदलतील. त्या सांगेपर्यंत मी बंद करणार नाही. पण तू सांगायचंस. दे वचन."

"त्या मला काय म्हणतील गं?"

"म्हणू देत."

"दिलं," आई म्हणाली.

छोटीने पाकिटातून गोळी काढून ताईच्या सोललेल्या तळहातावर ठेवली. ताईने ती उलटसुलट करून पाहिली. "एवढीशीच?" ती म्हणाली, आणि पाण्याबरोबर गिळली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्याचं औषध त्याच्याच हातात द्या, त्याला सांगून द्या. मायेने लपवलेली गोष्टसुद्धा शरीर लपवू देत नाही. ते आपल्या परीने ओरडतं, आणि डॉक्टरांना ते ओरडणं कळावं म्हणून कुणालातरी खरं बोलावं लागतं. औषध मनाने बंद करू नका. त्याबद्दल प्रश्न विचारायला लाजू नका. माझ्यासारखी कुटणारी साधनं मसाल्यासाठी असतात. माणसाचा विश्वास त्यांत घालू नका, तो परत अख्खा होत नाही. ताईची गाठ कसली होती ते मी सांगू शकत नाही, कारण त्या संध्याकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईने अंगावरचं पीठ झटकलं. गोळ्यांचं उरलेलं पाकीट पिशवीत टाकलं. डाव्या हाताने कशाबशा चपला पायात सरकवल्या.

"येते गं," ती म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. आई कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.