तव्यात जिरलेला आवाज

घरजावयाला चूक परवडत नाही म्हणतात. आमच्या या जावयाला तर आवाजसुद्धा परवडत नव्हता. सासऱ्यांच्या घराच्या मागच्या खोलीत तो गिटारचे अॅम्प दुरुस्त करायचा. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, दुपारी दोन ते चार झोपणारे. कालच त्यांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "जावईबापू, यापुढे माझ्या झोपेत एकदा जरी ते भोकाड ऐकू आलं, तर खोली रिकामी करायची."

आणि आज नेमका हा अॅम्प! वीसेक मिनिटं फुल आवाजात चालायचा आणि एकदम मान टाकायचा. वादकाचा संध्याकाळी कार्यक्रम, तो पाचला न्यायला येणार. फुल आवाजात चालवल्याशिवाय दोष सापडणार नाही, आणि चालवला तर खोली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"स्पीकर काढून टाक ना," बायको म्हणाली.

"मग अॅम्पला ओढायला ओझंच राहत नाही. रिकाम्या गाडीला बैल कधी दमतो का?" एवढं बोलला आणि स्वतःच ताडकन उठला. ओझं हवं, पण मुकं!

त्याने चार रेझिस्टर शोधले, आठ-आठ ओहमचे, चांगले अंगठ्याएवढे. वीज खायची आणि गरम व्हायचं, एवढंच यांचं काम. सासऱ्यांचं जावयाबद्दलही हेच मत होतं, पण ते असो. दोन-दोन एकामागे एक जोडले, मग त्या दोन जोड्या शेजारी शेजारी. सगळे मिळून पुन्हा आठच ओहम, अगदी स्पीकरइतके. आता उष्णता पसरायला जाड पत्रा हवा. त्याची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

"माझा तवा? हात तर लावून बघ!"

पाच मिनिटांनी तीच तवा घट्ट धरून बसली होती आणि तो त्याला भोकं पाडत होता. रेझिस्टर तव्यावर आवळून बसवले तेव्हा दोनला दोन मिनिटं कमी होती.

सासऱ्यांच्या खोलीचं दार लागलं. याने स्पीकरची वायर काढून तव्यावरच्या रेझिस्टरना जोडली, तिथेच मीटर लावला, मोबाइलमधून एकसुरी भोंगा अॅम्पमध्ये सोडला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

चूं नाही! मीटरचा काटा मात्र टोकाला जाऊन थरथरतोय. बायकोने तव्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई, तापला की!" ती कुजबुजली, आणि दोघांना असं हसू फुटलं की तोंडात रुमाल कोंबायची पाळी आली.

एकोणिसाव्या मिनिटाला काटा धाडकन खाली. सापडला चोर! आतल्या वायरीच्या एका जोडाचा कथलाचा डाग तडकला होता, तापला की सुटायचा. त्याने नवा डाग दिला, पुन्हा चालू केलं. वीस मिनिटं, तीस, चाळीस. काटा जागचा हलेना. दोघं चवड्यांवर गोल गोल नाचायला लागले.

दारात सासरे उभे!

"तासभर डोळे मिटून पडलोय, आत्ता ओरडेल, मग ओरडेल म्हणून. सूं नाही की चूं नाही. जमत नाही ना? अहो, मग विचारायचं! तीस वर्षं वायरींत काढलीत मी."

"बाबा, तसं नाही, आवाज मुद्दामच—" जावई सांगू लागला.

"थांबा. ही वायर तव्याला? तव्याला! अहो, स्पीकर तो तिकडे!" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी वायर उपटून स्पीकरमध्ये खुपसली.

भोंऽऽऽऽ!

खिडक्या थडथडल्या, स्क्रूंचे डबे फळीवरून खाली आले, समोरच्या घरातली माणसं बाहेर धावली. जावयाने झडप घालून अॅम्प बंद केला. घड्याळात सव्वातीन. झालं, गेली खोली!

सासऱ्यांनी कानांतून बोटं काढली. एकदा अॅम्पकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे.

"लागला!" ते ओरडले. "बघितलंस, पोरी? एका झटक्यात!"

जावयाने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने त्याच्या पायावर कचकन पाय दिला.

"माझ्या लक्षातच आलं नाही, बाबा," तो कळवळून म्हणाला.

"येईल, येईल. शिकाल हळूहळू." सासऱ्यांनी खिडकीतून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी केला दुरुस्त, मी!" मग स्टूल ओढून टेबलाशी ठाण मांडलं आणि बाह्या वर सारल्या. "उद्यापासून दोन ते चार मी इथेच. तुमच्या भरवशावर सोडलं तर खोलीचं नाव खराब व्हायचं. हं, आणा, पुढचा कुठला आहे?"