डाव्या सीटचा आवाज

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्यांची मारुती बाहेर काढली. त्यांच्या जागी बसून कॅसेट लावली, तर गाणारी बाई उजव्या खिडकीला चिकटून गात होती. डावीकडून येत होता तो नुसता डग्गा. आठवडाभर तसंच ऐकलं. शनिवारी गाडी सातपूरला समाधानभाऊंच्या दुकानात नेली. ते गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवतात. कंपनीतून रिटायर झाल्यावर अण्णांच्या दुपारी तिथेच जायच्या.

"स्पीकर बदलावा लागेल का?" मी विचारलं.

"बघू तर खरं, ताई. अण्णांनी जोडलेलं हाय, हात लावायची भीती वाटते. असते तर माझ्या सोल्डरिंगला नावं ठेवत उभे राहिले असते."

त्यांनी डाव्या दाराचं पॅनल उघडलं. आत क्रॉसओव्हर होता. बारीक सूर वरच्या लहान स्पीकरकडे आणि जाड सूर दारातल्या मोठ्याकडे पाठवणारी डबी. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"बिघडलेलं काही नाय. डाव्या लहान स्पीकरला अण्णांनी रेझिस्टन्स टाकलाय. मुद्दाम आवाज दाबलाय त्याचा."

"कशासाठी?"

"जवळचा स्पीकर कानात घुसतो. तो दाबला की दोन्हीकडचं सारखं येतं, गाणारा मधोमध उभा राहतो. पण एकाच सीटला हे जमतं. सगळे ड्रायव्हरसाठी उजवा दाबून घेतात. डावीकडे कोण बसायचं?"

"मी."

मनमाडच्या शाळेत मी शिकवते. चार वर्षं रोज सकाळी अण्णा मला नाशिकरोड स्टेशनला सोडायचे आणि मी वाटेत वाचत असे. दर काही दिवसांनी ते विचारायचे, "आवाज कसा आहे आता?" मी "छान" म्हणायचे. मान वर न करता.

"आता तुम्हीच चालवणार. उजवीकडे टाकू ना?" समाधानभाऊंनी विचारलं.

"टाका. पण आधी एकदा तुम्ही चालवा."

त्यांनी गाडी त्र्यंबक रस्त्याला घेतली. मी डावीकडे बसले. पुस्तक आणलं नव्हतं. गाणारी बाई समोरच्या काचेच्या मधोमध, वायपरच्या जरा वर उभी राहिली. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला.

"माझ्या तर उजव्या कानात नुसती कलकल चाललीय," समाधानभाऊ म्हणाले. "अण्णा इतकी वर्षं हे असंच ऐकत होते?"

कॅसेटची बाजू संपली तेव्हा मी म्हटलं, "वळवा आता."

दुकानात त्यांनी तो रेझिस्टन्स काढून उजवीकडे जोडला आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"कसा आहे आवाज?"

मी आधी गाणं संपेपर्यंत ऐकलं.