ओव्हनमागची निळी टेप

सासूबाईंचा उजवा हात थरथरायला लागला आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. आमच्यात जावयानं सासूला शिवायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही, समोरून आली तर वाट सोडायची. शिवलं की सासूला ओबुको लागतो, तिचे हात कापायला लागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता मला सांगा, पंधरा वर्षांत मी त्या बाईच्या सावलीतसुद्धा पाय टाकलेला नाही. तरी सासरहून निरोप आला: शनिवारी वडीलधाऱ्यांपुढे उभे राहा आणि चूक कबूल करा.

"आईला कधी शिवलात, तेवढं सांगा," माझी बायको नाम्पीमा आठवडाभर हेच धरून बसलेली.

"नाही शिवलो. कागदावर लिहून देऊ का?"

"मग तिचा हात काय उगाच कापतो?"

मी ताट सारून उठलो. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात नसता आळ. त्या आठवड्यात घरचं अन्न मला गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी बारिग्येचा फोन आला. बारिग्ये म्हणजे आमच्या मासाका शहरातल्या ज्या हॉटेलात सासूबाई मटोके, म्हणजे पानांत वाफवलेली कच्ची केळी, करतात, तिथला मुख्य आचारी. तो देशाच्या पश्चिम भागातला, आमच्या रीतिभातींची त्याला भारी गंमत वाटते.

"फंडी," तो म्हणाला, आमच्याकडे दुरुस्तीवाल्या मिस्त्रीला अशीच हाक मारतात, "वाफेचा ओव्हन पुरता तापत नाही. पानांत बांधलेली केळी दोन तासांनीही कडकच. ये लवकर, तुझी सासू दहाला येते."

त्यानं सांगितलं नसतं तरी मी आठलाच गेलो असतो. त्या हॉटेलातलं काम मी नेहमी दहाच्या आत उरकतो आणि मागच्या दारानं सटकतो. वीस दिवसांपूर्वी त्याच ओव्हनचा पाण्याचा पाइप बदलला, तेव्हाही तसाच सटकलो होतो.

वीज तोडली, बाजूचा पत्रा काढला, मीटर लावला. तीन हीटर. दोन ठणठणीत, तिसरा मेलेला. म्हटलं, सोपं काम आहे, तासाभरात सुटलो. मग सवयीनं तिसऱ्या हीटरचं एक टोक आणि ओव्हनचा पत्रा यांच्यामध्ये मीटर धरला. तिथे विजेला वाटच नको होती, आणि अडथळा दाखवणारा काटा थेट शून्यावर, म्हणजे वाट सताड मोकळी. हीटर आतून फुटून तार पत्र्याला टेकली होती. म्हणजे ओव्हन चालू असताना अख्खा पत्रा जिवंत.

माझे हात थांबले. एवढी वीज पत्र्यात उतरली तर ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी आणि मेन स्विच खाडकन पडायला हवा. वीस दिवसांत एकदाही पडला नव्हता. वीज जोडून पत्रा आणि नळ यांच्यामध्ये मोजलं, तर एकशे नव्वद व्होल्ट. घाईघाईनं बंद केलं.

"बारिग्ये, या ओव्हनचा शॉक कुणाला बसला नाही?"

"नाही बुवा. सगळे फडकं धरूनच दार उघडतात, दाराच्या मुठीचा चटका बसतो ना. फक्त तुझी सासू तशीच हात घालते. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेली बाई, तिला कसला चटका." एवढं बोलून तो हसायचा थांबला. "तिला मुंग्या येतात. कोपरापर्यंत. ती म्हणते, ओबुको लागला."

"पायात काय असतं तिच्या?"

"रबरी बूट. ते काल फाटले. आज चपलांवर येते म्हणाली."

आजवर त्या बुटांनीच तिला वाचवलं होतं. फरशी कायम ओली असते तिथली. ती बाई आज सकाळी दहाला, ओल्या चपलांनी, उघड्या हातानं ती मूठ धरणार होती.

आम्ही दोघांनी ओव्हन भिंतीपासून ओढला. मागे अर्थिंगची वायर सुटी लोंबत होती. टोकाला निळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचा कोपरा दुमडलेला, म्हणजे काढताना नखानं खरवडायला नको. तसा कोपरा अख्ख्या मासाक्यात मी एकटाच दुमडतो.

मी खाली बसलो. सगळं आठवलं. ओव्हन पुढे ओढायला वायर आखूड पडत होती, म्हणून मीच ती सोडली. पाइप बसवला. तेवढ्यात भांडी घासणारी बाई म्हणाली, तुमच्या सासूबाई फाटकाशी आल्यात. ओव्हन ढकलला, पिशवी उचलली आणि पळालो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बारिग्ये टेपकडे बघत होता. त्यालाही कळलं.

"स्क्रू आवळ आणि गप्प बस," तो हळू आवाजात म्हणाला. "हात आपोआप थांबेल. शनिवारी बकरं कापतील, सगळे म्हणतील ओबुको उतरला. कुणाला काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. मी वायर जोडली, हीटर बदलला, प्रत्येक स्क्रू तीनदा तपासला. दहा वाजले, पण पुन्हा तसंच पळून जाणं मला जमेना. मागच्या दाराबाहेर अंगणात, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आतून चपलांचा आवाज आला आणि थांबला.

"कोण आहे बाहेर?"

"मी, कायीवा. बारिग्ये, त्यांना आतच बसव. आई, मी जवळ येत नाही. ऐका फक्त."

मी सगळं सांगितलं. हीटर, वायर, टेप, पळालो ते.

"म्हणजे ओबुको नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हे."

"आज मी मेले असते."

"हो, आई."

"आणि तुम्ही पळालात ते माझी रीत सांभाळायला."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जावईबापू, पंधरा वर्षांत तुम्ही कधी मला शिवला नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? शनिवारी मी उभी राहून तेच सांगणार होते. यांचा काही दोष नाही, म्हणणार होते." त्यांचा आवाज खाली गेला. "आता काय सांगू?"

भिंतीवरचा चुना माझ्या डोळ्यांपुढे अंधुक झाला.

"तुम्ही बसून राहा, आई," मी म्हणालो. "मी सांगेन."