मिठातून वाळूत

"शनिवारी कापणार हां तिला, आणि मग राजस्थानला नेऊन..."

शेजारच्या हंसाबेनचं एवढंच बोलणं कानावर आलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

ती म्हणजे मी. नवघरच्या आत्मारामांच्या अंगणातली जुनी पिकअप बोलतेय. पुढचं ऐकायला मी जिवाचे कान केले, पण मिक्सर थांबला तेव्हा गोष्ट पापडांवर गेली होती. माणसं अशीच. दुसऱ्याच्या मरणाची गोष्ट अर्धी टाकतात आणि चटणीकडे वळतात.

माझा कारखाना मला आठवत नाही, आठवतं ते मीठ. आत्माराम मिठागरावर गोण्या भरायचे, मी वाहायचे. वजन पेलावं म्हणून त्यांनी माझ्या मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे बसवून घेतले. "किती पन टाका, माझी गाडी बसाची न्हाय," असं गावभर सांगत. मीठ लोखंड खातं, म्हणून रोज मला खालून गोड्या पाण्यानं धूत. स्वतःच्या पायांवर एवढं पाणी त्यांनी कधी घातलं नसेल.

मग मिठागर बंद पडलं, त्यांची नजर अधू झाली आणि मी अंगणात उभी राहिले. समोर इंद्रलोक वसाहतीच्या इमारती चढत गेल्या. माझ्या हौद्यात आत्मारामांच्या पत्नी मनोरमाताई मिरच्या वाळत घालायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, "काय भाऊ, भंगारात कधी देताय?" दर वेळी मला वाटायचं, आता हे हो म्हणतील.

शनिवारी दिव्या ग्राइंडर घेऊन आली. ही आत्मारामांची लेक, वरसाव्याच्या गॅरेजात काम शिकलेली. ठिणग्या उडाल्या. आधी मडगार्ड गेले, मग अर्धा हौदा. मला ओरडायचं होतं, पण बॅटरी आधीच काढून ठेवलेली.

तिच्या बोलण्यातून बेत हळूहळू कळला. राजस्थानात वाळूतली शर्यत होती. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, म्हणून मलाच वाळवंटाची गाडी करायचं. मोठी, वापरलेली चाकं आली. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसला, गाडी उलटली तर चालवणारा वाचावा म्हणून. उलटली तर माझं काय, हे कुणी मला विचारलं नव्हतं.

दिव्यानं पाट्यांना पाना लावला, तसे आत्माराम आडवे आले.

"पाटे न्हाय काढाचे."

"बाबा, वाळूवर ही उड्या मारणार. कडक राहिली तर आपटेल. मला ती बसायलाच हवी."

"जल्मात बसली न्हाय ती."

"जन्मभर मागे गोण्या होत्या. आता आत फक्त मी असणार."

"एकटीच?"

"शेजारी रस्ता सांगायला एक जण असेल. पण चालवणार मीच."

आत्मारामांनी वाकून पाट्यांचा नट चाचपला आणि ते स्वतःच सोडवायला लागले. दर नटामागे उठून पिंजऱ्याचा पाइप हलवून बघत होते. घाबरलेली मी एकटी नव्हते तर.

निघायच्या सकाळी हंसाबेन ठेपल्यांचा डबा घेऊन आल्या. "बघा, मी बोलले होते ना, कापणार."

"कापली की," दिव्या म्हणाली. "राजस्थानलाही नेतेय."

"आणि तिकडेच भंगारवाल्याला देणार, असं ऐकलेलं मी."

"तेवढं चुकीचं ऐकलंत, मावशी. चालली तर चालवत आणेन, नाहीतर ट्रकवर टाकून."

ट्रकवर टाकून. म्हणजे मोडायची तयारी सगळ्यांनी आधीच करून ठेवली होती.

सगळे चहाला आत गेल्यावर आत्माराम माझ्यापाशी आले. बोनेटवर तळवा टेकवून हळूच म्हणाले, "मोडलीस तरी चालंल. पन उलटू नको, बाय."

मला वाळू माहीत नाही. मीठ पायाखाली कसं फसवतं ते माहीत आहे, वाळू कशी फसवते ते नाही. कापून झालं तरी माझी भीती गेलेली नाही, फक्त माझ्यावरून पोरीवर गेलीय. तिकडच्या वाळूकडे माझं एवढंच मागणं आहे. हवी तर चाकं घे, उरलेले पाटे घे, पण आतल्या पोरीला हात लावू नकोस.