राणीच्या दारातली चिखली

मी एक जुनी गाळ उपसणारी बोट आहे. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण शेवटी हात जोडतात. मी जोडणार नाही, कारण मित्रांनो, मी सूड घेतला आहे आणि तो मला गोड लागला आहे.

माझ्या पाठीवर लोखंडी बादल्यांची साखळी आहे. ती फिरली की एकेक बादली तळाशी जाते आणि गाळ भरून वर येते. नदी रोज गाळ आणते, मी रोज तो उपसायची. सत्तावीस वर्षे हेच केले. माझ्यामुळे धक्क्याला नऊ मीटर पाणी राहिले, म्हणून मोठी जहाजे येऊ लागली, आणि ती आली म्हणून लोक या शहराला ‘बंदरांची राणी’ म्हणू लागले. मला काय म्हणत? चिखली. धक्क्यावरची पोरेसुद्धा नाक दाबून ‘चिखली आली, चिखली आली’ ओरडत. यातले मी काहीही विसरलेले नाही.

माझी विचारपूस करणारे एकच, माझे मिस्त्री. तेही मला चिखलीच म्हणत, पण “काय चिखले, दमलीस?” असे त्यांनी विचारले की ते नाव टोचत नसे.

मग बातमी आली, तीन महिन्यांनी ‘सागरसम्राज्ञी’ येणार! त्या जहाजाचे कागदावरचे नाव साधेच होते, पण सात मजले आणि पांढरा रंग पाहून लोकांनी तिचा परस्पर राज्याभिषेक करून टाकला होता. राणीच्या भेटीला सम्राज्ञी! शहराच्या अंगावर मूठभर मांस चढले. कमानी उभ्या राहू लागल्या. एके दिवशी बंदराचे साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, “हे ध्यान इथून हलवा. पाहुणे काय म्हणतील?”

मिस्त्री म्हणाले, “साहेब, तीन महिने उपसा बंद राहिला तर धक्क्याला पाणी उरणार नाही.”

“तीन महिन्यांत समुद्र आटतो का, मिस्त्री? तुम्ही आता खुर्च्यांचं बघा.”

मला जुन्या गोदामामागे बांधले. सत्तावीस वर्षे इंजिन सांभाळलेला माणूस पाहुण्यांच्या खुर्च्या रंगवू लागला. तरी दर रविवारी ते येऊन मला तेल घालून जात. साहेबांनी सम्राज्ञीच्या कप्तानाला धक्क्याची खोली कळवली, तीसुद्धा गेल्या वर्षीच्या नकाशातून उतरवून, नऊ मीटर. ते नऊ मीटर माझे होते. मी दात-ओठ खात वाट पाहत राहिले.

सम्राज्ञी आली. डौलात वळली आणि धक्का पन्नास हातांवर असताना जागच्या जागी रुतून बसली. बँड थोडा वेळ वाजत राहिला, मग एकेक वाद्य गप्प झाले. गोदामामागून मला काही दिसत नव्हते, पण ती शांतता ऐकून मला जो आनंद झाला, तो सांगता सोय नाही.

साहेब मिस्त्रींना घेऊन धापा टाकत आले. “ओहोटी लागायच्या आत तिच्या कडेचा गाळ काढायला हवा. ही चालू होईल ना?”

मिस्त्रींनी माझ्या इंजिनावर हात ठेवला. त्यांच्या नखांत अजून खुर्च्यांचा रंग होता. हॅन्डल एकदा फिरवले असते तरी मी धडधडले असते, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “मेलंय इंजिन.”

कोणी तपासले नाही. इंजिनाच्या बाबतीत या बंदरात मिस्त्रींचाच शब्द शेवटचा. सम्राज्ञी ओहोटीत तिरकी होऊन बसली, मोठ्या भरतीला कशीबशी सुटली आणि शेजारच्या बंदरात निघून गेली. वर्तमानपत्रांनी शहराला नवी पदवी दिली, ‘चिखलाची राणी’. माझे नाव अखेर राणीच्या गळ्यात पडले!

पण मेलेले इंजिन भंगारात जाते. मला भंगारात काढल्याचे कळले त्या दिवशी मिस्त्री माझ्या काठावर येऊन बसले. “राग आला होता गं मला,” ते म्हणाले. “तुझा विचारच केला नाही.”

मी केला होता. तरीही त्यांचे उत्तर मला आवडले होते.

काल भंगारवाला आला. साहेबही होते, खापर कोणाच्या माथी फोडायचे याच्या शोधात ते अजून आहेत. भंगारवाला म्हणाला, “एकदा फिरवून बघतो. चालू झालं तर कापायला नको.” मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. मी धडधडले असते तर वाचले असते, आणि त्यांचे खोटे उघडे पडले असते. त्याने हॅन्डल तीनदा फिरवले. तिन्ही वेळा धडधड अगदी तोंडाशी आली होती. सगळी ताकद लावून मी ती दाबून धरली.

“मेलंय,” तो म्हणाला आणि खडूने माझ्यावर फुली मारून गेला.

मित्रांनो, परवा मला कापतील. मला वाचवा असे मी म्हणत नाही. ज्यांच्या जिवावर तुम्ही राणी म्हणून मिरवता, त्यांना दाराआड लपवू नका, एवढेच. आणि हे सगळे साहेबांच्या कानावर घालू नका. मिस्त्रींना निवृत्त व्हायला अजून दोन वर्षे आहेत.