मंगळावरचा पाणकर

"शालीकभाऊ, ते पाट खोटे निघाले जी."

हुकुमचंद मास्तर तलावाच्या पाळीवर उभे होते. खाली गावचा पाणकर शालीकराम गुडघाभर पाण्यात वाकून तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, भोकातलं लाकडी बूच उपसत होता. पाणी पाटात धावू लागलं, तेव्हाच त्यानं मान वर केली.

"कोनते पाट?"

"मंगळावरचे. अखबारात आलं हाये. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तं रेघा नाईतच, नुसते डाग हायेत. पाहनाऱ्याच्या डोऱ्यायनंच ते जोडले. मीच तुमाले सांगितलं होतं, म्हनून मलेच सांगनं आलं."

"डोऱ्यायनं काऊन जोडले जी?"

"तिकडं कोनीतरी असावं, असं वाटते ना मानसाले," मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

दोन वर्षांमागे याच मास्तरांनी देवळाच्या ओट्यावर अखबार वाचून दाखवला होता. मंगळावर लांबच लांब सरळ पाट आहेत, तिथल्या लोकांनी दुरून पाणी आणायला ते खणले असावेत, असं कुणी साहेब म्हणत होता. शालीकरामनं तेव्हा एकच विचारलं होतं, "मंग तिकडं पानी कोन सोडते जी?" सारा गाव पोट धरून हसला.

हसणाऱ्यांचं काय जातं! पाटाला पाणी चालू असेतो पाणकरानं कुणाच्या हातचा घोटही घ्यायचा नाही आणि कुणी त्याच्या दारी बसायला जायचं नाही, ही गावाची रीत. ज्याचं पाणी प्याला त्याच्याच धानाच्या बांधीत तो जास्त पाणी सोडेल, ही भीती. म्हणजे गावभराच्या धानाला पाणी पाजणाऱ्यानं आपलं गाडगं घरून भरून आणायचं. पूर्वी त्याची बायको दुलारी पाळीवर भात घेऊन यायची, तो जेवेपर्यंत गावच्या गोष्टी सांगत बसायची. संवत छप्पनच्या दुष्काळात तलाव आटला आणि त्याच साली तापानं ती गेली. त्या वर्षी सोडायला थेंब नव्हता, तरी शालीकराम रोज तुडुमाशी येऊन बसे. दुसरं जायचं तरी कुठं?

पुढं तलाव भरला, पण पाळीवर जो येई तो भांडायलाच येई. अशात त्याला मंगळावरचा पाणकर मिळाला. पाट आहे तर पाणकर असणारच, आणि पाणकर असला तर तोही शिव्या खात असणार. संध्याकाळी तांबडा तारा दिसला की शालीकराम त्याला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगे. आज मास्तरांनी तोही नेला. त्याला फार एकटं वाटलं.

दिवेलागणीला पाणी शेवटापर्यंत पोचलं का ते पाहायला तो पाटाकाठानं निघाला. सगळ्यात शेवटची बांधी जमुनाबाईची. ती विधवा बाई लोटा घेऊन धुऱ्याच्या बांधावर उभी होती.

"भाऊ, तोंड काऊन असं उतरलं? घ्या, घोटभर पानी घ्या. इथं कोन पाहून राहिला?"

गाडगं तुडुमाशीच राहिलं होतं आणि घसा कोरडा पडला होता. त्यानं हात पुढं केला. सवयीनं नजर पूर्वेला गेली. मोहाच्या झाडावर तांबडा तारा आला होता. त्यानं हात मागं घेतला.

"धान कापनं झालं म्हंजे पेईन, बाई."

"तवापर्यंत भरून ठेवू का?" ती हसली, पण तो वळून बराच पुढं गेला तरी लोटा तिच्या हातातच होता.

शालीकरामनं बूच ठोकून बसवलं आणि ओल्या धोतरानंच पाळीवर येऊन बसला. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. पाट दिसले नाहीत, म्हणजे पाणी आटलं असणार. कोरडा पाट इतक्या दुरून कसा दिसावा? आणि तलाव आटलेला पाणकर कसा बसून राहतो, ते त्याला नव्यानं कुणी सांगायला नको होतं.

त्यानं गाडगं तोंडाला लावलं आणि न पिताच खाली ठेवलं.

"बस गा," तो ताऱ्याकडं पाहत म्हणाला. "कोठी जाऊ नको. मी हावो इथं."