कोवॅकच्या स्टेपचे मार्क

टिम कोवॅकने पहिल्या चार सामन्यांत नऊ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला होता, आणि तोही इतका अलगद, की त्यांतल्या दोघांनी सामना संपल्यावर येऊन त्याचे आभार मानले.

१९८५ चा ऑक्टोबर होता. गिरीश अमेरिकेत पिस्कॅटवेला स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होता आणि पार्टटाइम एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाला आकडे मांडून द्यायचा. कोवॅक हा त्या संघाचा नवखा क्वार्टरबॅक. म्हणजे चार धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असताना, तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा. त्याला ठेवायचं की काढायचं, हे सोमवारी ठरणार होतं. कोच ब्रॅनिगनने गिरीशकडे रिपोर्ट मागितला होता. आकडे म्हणत होते, काढा. पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन रिकाम्या मैदानावर एकटाच पावलं गिरवणारा कोवॅक गिरीशने पाहिला होता, आणि त्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

शनिवारी तो सामन्यांच्या टेप्स घेऊन जवळच एडिसनला आपल्या मैत्रिणीकडे, नीलाकडे गेला, कारण व्हीसीआर तिच्याकडे होता. नीलाची आई, लताकाकू, नागपूरहून आली होती. काकूंनी बावीस वर्षं दहावीचे गणिताचे पेपर तपासले होते. अमेरिकेत तपासायला काहीच न मिळाल्यामुळे त्यांनी नीलाच्या किराणा यादीतल्या चुका लाल पेन्सिलने काढायला सुरुवात केली होती.

"हा कोण रे, रडवेला?" टेप लागताच काकूंनी कोवॅककडे बोट दाखवून विचारलं.

गिरीशने सांगितलं. आधी एकाकडे बघायचं, तो मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, पाय वळवायचे, मग फेकायचं.

"म्हणजे स्टेप्स आहेत!" काकूंनी चष्मा लावला. "आणि तुम्ही मार्क कशाला देता?"

"चेंडू झेलला गेला की नाही, त्याला."

"फक्त उत्तराला?" काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की गिरीशला आपण पुन्हा दहावीत असल्यासारखं वाटलं. "अरे, लाज वाटते का?"

त्यांनी वही मागवली. प्रत्येक फेकीला पाच मार्क. जेवणाची सुट्टी धरून सहा तास. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या पंचांना त्या सुपरवायझर म्हणत होत्या आणि दोघांना त्यांनी कामचुकार ठरवलं.

"पहिल्या पेपरात हा एकाकडेच बघून फेकतोय. स्टेप्सच नाहीत, म्हणजे ही कॉपी आहे. शून्य." चौथ्या टेपला मात्र त्या पुढे सरकून बसल्या. "बघ, बघ! एक, दोन, तीन, पाय वळले... आता समोरच्या ठोंब्याने झेललं नाही, तर त्यात याचा काय दोष? पाचापैकी पाच!"

नीला दारात थबकली. आईने पाचापैकी पाच दिलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. तिला स्वतःला तर नाहीच.

चार सामन्यांचे टक्के आले एकोणीस, तेहेतीस, सत्तेचाळीस आणि एकसष्ट.  काकूंच्या हातून फर्स्ट क्लास!

सोमवारी त्याने मोठ्या अभिमानाने कोचसमोर कागद ठेवला. वर ठळक लिहिलं होतं, 'प्रगती थक्क करणारी: ६१%.'

"एकसष्ट?" ब्रॅनिगन म्हणाला. "माझ्या शाळेत एकसष्टला घरी चिठ्ठी पाठवायचे." आणि त्याने यादीतल्या कोवॅकच्या नावावर काट मारायला पेन टेकवलं.

 गिरीशने रिपोर्ट तपासला होता, बेरीज तीनदा केली होती. फक्त वाचणारा माणूस नागपूरचा नाही, हे राहून गेलं होतं.

"कोच, थांबा! आमच्याकडे पस्तीसला पास होतात. साठला पेढे वाटतात. हे मार्क देणाऱ्या गणिताच्या बाईंच्या हातून साठ म्हणजे तर गल्लीत मिरवणूक निघते, यार!"

"आणि आपला म्हातारा क्वार्टरबॅक? बारा वर्षं खेळतोय तो?"

गिरीश घुटमळला. काकूंनी वेळ उरला म्हणून त्याचाही एक सामना तपासला होता. "बत्तीस. पाय वळवतच नाही म्हणाल्या. तीन ग्रेस देऊन पास केलाय."

 त्या पायांबद्दल ब्रॅनिगन स्वतः सहा वर्षं हेच ओरडत होता, आणि आजवर कोणीही दुजोरा दिला नव्हता. त्याने पेन उचललं, चारही आकडे एकाखाली एक पुन्हा वाचले, आणि पेन खिशात ठेवलं.

"रविवारी हा नवा पोरगाच खेळेल," तो म्हणाला.

बाहेर कोवॅक हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. गिरीशने त्याला सगळं सांगितलं. संघात राहिल्याचं ऐकून त्याने मान हलवली. फर्स्ट क्लासचं ऐकून मात्र तो उभाच राहिला.

"गणिताच्या बाईंनी? मला?"

"हो."

"लिहून मिळेल?" साडेसहा फुटी कोवॅकने हळूच विचारलं. "आईला पाठवायचंय."